मंडळाचा पूर्ण विश्वास

संचालक मंडळाचा मॅनेजरवर पूर्ण विश्वास असल्याची बातमी आली, तेव्हा गादीशेठच्या दुकानात सगळे आडवे पडलेले होते.

धक्का वगैरे कोणालाही बसलेला नव्हता. गाद्यांच्या दुकानात टेकायची दुसरी सोय नसते, एवढंच. आपल्या फुटबॉल क्लबची चर्चा हे तिघे कित्येक वर्षं आडवे होऊनच करत आले होते, आणि क्लबची कामगिरी बघता हीच पोझ योग्य आहे यावर तिघांचं एकमत होतं. त्यांचं एकमत असलेली ती बहुधा एकमेव गोष्ट. नमुन्याच्या गाद्यांवर प्लास्टिक चढवलेलं असायचं. कोणी तावातावाने बोलू लागला की ते करकरायचं, त्यामुळे डोळे मिटून पडलेल्यालाही वादाचा पारा कळायचा.

"गेला," क्लचकाका म्हणाले. प्लास्टिक करकरलं नाही.

"कोण गेला?" गादीशेठने डोळे न उघडता विचारलं.

"आपला मॅनेजर. मंडळाने पूर्ण विश्वास दाखवलाय."

"अरेरे. चांगला होता का?"

"काय माहीत. कळायच्या आत विश्वास दाखवला."

या क्लबात मंडळाने विश्वास दाखवलेला मॅनेजर आठवडाभरात सामान बांधतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एकच मॅनेजर तेवढा दोन वर्षं टिकला होता. त्याचं नाव मंडळाला आठवेना, म्हणून निवेदनच काढता आलं नाही.

क्लचकाका गाडी शिकवायचे. उभा जन्म शेजारच्या सीटवर बसून गेला. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, आणि आपल्या पायाशी फक्त जादाचा क्लच आणि ब्रेक. त्यामुळे मॅनेजर या जमातीबद्दल त्यांच्या पोटात माया होती. "गाडी खांबाला धडकली की लोक विचारतात, शिकवत कोण होतं," ते म्हणायचे. "चालवत कोण होतं, हे कोणी विचारत नाही."

गादीशेठ खेळाडूंच्या बाजूचे. "अहो काका, गादीवर झोपतं कोण? गिऱ्हाईक. कंबर कोणाची धरते? गिऱ्हाइकाची. मग गादी कशी हवी, हे कंपनीच्या साहेबाने का ठरवायचं?"

"शेठ, आपण फुटबॉलबद्दल बोलतोय."

"मी फुटबॉलबद्दलच बोलतोय."

तिसरा स्टेपनी. शाळेच्या टीममध्ये तो चार वर्षं राखीव होता आणि एकदाही मैदानात उतरला नाही, तेव्हापासून हे नाव चिकटलं. आता तो याच दुकानात सेल्समन होता. कामाच्या वेळेत आडवं होणं बरं दिसत नाही म्हणून तो उशांच्या ढिगाला टेकून अर्धवट आडवा व्हायचा. गिऱ्हाईक आलं की उठायला सोपं पडे. गिऱ्हाईक फारसं येत नसे. आलंच तर दोन माणसं दोन गाद्यांवर निपचित पडलेली बघून त्याला मालाची खात्री पटे.

"चूक सगळी त्या जावईबापूची," काका म्हणाले, आणि आता कुठे प्लास्टिक करकरलं.

जावईबापू म्हणजे क्लबचा कर्णधार. तो कायम रुसलेला असायचा आणि सगळा क्लब कायम त्याला काय कमी पडलं ते विचारत हिंडायचा, म्हणून हे नाव. पांढरा फळा आणून बाण काढणारा मॅनेजर आला, तर बाण बघून जावईबापूंना गरगरलं. फळा गेला, मागोमाग मॅनेजर गेला. मग एकाने जेवणातली तळलेल्या पदार्थांची ताटं बंद केली. तो महिनाभरात गेला, ताटं परत आली. एक जण बिचारा खेळाडूंच्या मुलांची नावं पाठ करून आला होता. आमच्या खाजगी आयुष्यात ढवळाढवळ करतो, म्हणून तोही गेला.

"तोंडाने कधी बोलला का कोणाला, की जा म्हणून?" शेठनी विचारलं.

"तोंडाने कशाला बोलायला हवं? पायाने बोलतो ना. मागच्या मॅचला तो पळत होता की पडलेला चष्मा शोधत होता, तेच कळेना."

"दमला असेल."

"दमलाय? मग नवा मॅनेजर आला की पहिल्या दोन मॅच वाऱ्यासारखा कसा पळतो? तेव्हा कुठनं येतो दम? आणि रुसला की मॅनेजरशी बोलत नाही, थेट अध्यक्षाला फोन. मॅनेजर म्हणजे मग काय, घराबाहेर टांगलेलं लिंबू."

स्टेपनीने खिशावर हात ठेवला. त्याचा फोन खिशात मघापासून थरथरत होता. घरचा होता.

"तुझ्या घरचे जावईबापू काय म्हणतात?" काकांनी विचारलं.

"आज चालायला नाही म्हणाले."

"कोणाला?"

"मामांना. सांभाळायला आलेत त्यांना."

दोघांनी एकदम सुस्कारा सोडला. दोन गाद्या जराशा खाली गेल्या.

स्टेपनीचे वडील, नाना, आयुष्यभर कारखान्यात लेथवर उभे राहिले आणि निवृत्तीनंतर जिन्यावरून पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. आता चारपायी वॉकर धरून चालायचं, वेळेवर अंघोळ, वेळेवर औषध. दिवसभर कोणीतरी जवळ हवं. स्टेपनी दुकानात, त्याची मोठी बहीण दुसऱ्या शहरात, इस्पितळातल्या रेकॉर्डच्या खोलीत कामाला. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. म्हणून सांभाळायला माणूस ठेवायचा. माणूस शोधायचं काम ताईकडे, टिकवायचं स्टेपनीकडे.

टिकला मात्र कोणी नाही. पहिला फार बोलतो म्हणून गेला. दुसरा बोलतच नाही म्हणून. तिसऱ्याच्या श्वासाचा आवाज येत होता. नानांनी त्याला श्वास जरा कमी घ्या असं सांगून बघितलं, त्याने प्रयत्नही केला, पण जमलं नाही. एकाचे बूट शेजारच्या गावच्या क्लबच्या रंगाचे निघाले. नाना कोणाला कधी तोंडाने जा म्हणाले नाहीत. आधी त्यांचे पाय दुखू लागत, मग जेवण जाईनासं होई, आणि मग ते थेट ताईला फोन लावत.

शेवटचा गेला तेव्हा ताई म्हणाली होती, "आता एकच माणूस उरलाय माझ्या ओळखीत. आमच्या इस्पितळात वॉर्डबॉय होते ते मामा, निवृत्त होऊन तिकडेच राहतात. हेही गेले तर मी नानांना वृद्धनिवासात ठेवणार. बेड बोलून ठेवलाय."

"ताई, त्यांना नाही करमणार तिथे."

"मला माहितीये. तुला करमतंय का? मला करमतंय का?"

ती रागाने म्हणाली असती तर भांडता आलं असतं. ती दमून म्हणाली. स्टेपनी एकदा तो निवास बघून आला होता. स्वच्छ होता, माणसं चांगली होती. दिवाणखान्यात एकच टीव्ही होता आणि त्याच्यासमोर बसून वीस म्हातारी माणसं पडद्यावरच्या एका बाईला भिंत रंगवताना बघत होती. फुटबॉल लागतो का, असं त्याने विचारलं, तेव्हा व्यवस्थापक प्रेमाने म्हणाला होता, "छे, छे. उत्तेजित होतात."

नानांना हे सगळं सांगून झालं होतं. नाना "बघू" म्हणाले होते. स्टेपनीला या "बघू"ची भीती वाटायची. नाना निवासात गेले की ते परत येणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं, आणि नानांना ते त्याच्याही आधीपासून ठाऊक होतं. तरीही पाय दुखायचे थांबत नव्हते.

मामांबद्दल मात्र बोट ठेवायला जागा नव्हती. भक्कम बांधा, कमी बोलणं, कमी श्वास. पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून क्लबची जुनी टोपी काढून खिळ्याला अडकवली, तेव्हा नाना चक्क हसले होते. आठ-दहा दिवस तर सोन्याचे गेले. नाना पलंगापासून खिडकीपर्यंत जाऊन यायला लागले. एकदा तर गॅलरीत उभं राहून त्यांनी खालच्या माणसाला गाडी नीट लावायला सांगितलं. स्टेपनीने त्या माणसाच्या शिव्याही कौतुकाने ऐकल्या. आणि मग एक दिवस नाना खिडकीच्या अलीकडेच थांबले. दुसऱ्या दिवशी आणखी अलीकडे. तिसऱ्या दिवशी ते पलंगावरून म्हणाले, "हा माणूस मला घाई करतो."

"मी परवापासून काही बोललोच नाही, दादा," मामा स्टेपनीला म्हणाले.

"बोलत नाही, पण बघतो," नाना म्हणाले. "बघून घाई करतो."

हे सगळं स्टेपनीने दुकानात सांगितलं. सांगताना त्याला वाटलं होतं, हे दोघे जरा धीर देतील. पण माणसाला जे येतं तेच तो देतो, आणि या दोघांना फुटबॉल येत होता.

काका उठून बसले. हे फार क्वचित घडे. "हे बघ. आपण इतकी वर्षं मंडळाला शिव्या कशासाठी देतोय? ते कर्णधाराला घाबरतात म्हणून. एकदा तरी मंडळाने सगळ्यांसमोर मॅनेजरच्या पाठीशी उभं राहायला हवं होतं की नाही?"

"हवं होतं," शेठ म्हणाले. आपण खेळाडूंच्या बाजूचे आहोत हे ते क्षणभर विसरले असावेत.

"मग तुझ्या घरात मंडळ कोण? तूच ना?"

"ताई अध्यक्ष आहे," स्टेपनी म्हणाला.

"अध्यक्ष गावाला असला की उपाध्यक्ष बोलतो. आज घरी जा, दोघांना समोरासमोर घे आणि स्पष्ट सांग. गुळमुळीत नाही. नानांना कळलं पाहिजे की या वेळी मंडळ हलणार नाही."

हा सल्ला सगळ्या बाजूंनी बरोबर होता. तिघांपैकी एकालाही त्यातली खोच दिसली नाही, हे इतकी वर्षं आडवं होऊन विचार केल्याचं फळ.

स्टेपनी घरी पोचला तेव्हा नाना पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि मामा त्यांच्या गोळ्या वाटीत काढत होते. स्टेपनी चपला न काढताच खोलीच्या मधोमध उभा राहिला. रस्ताभर त्याने एक वाक्य घोळवलं होतं. वाक्य त्याला नवीन जुळवावं लागलं नव्हतं. ते लहानपणापासून कानावर पडत आलेलं, तयार, सुबक वाक्य होतं.

"नाना, इकडे बघा. मला दोघांना एक सांगायचंय. घरच्यांचा मामांवर पूर्ण विश्वास आहे."

मामांच्या हातातली गोळी वाटीबाहेर पडली.

नाना सावकाश कुशीवर वळले. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग मामांकडे. "अरेरे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंच हळहळ होती.

"कळलं, दादा," मामा म्हणाले. त्यांनी गोळी उचलली, पुसली, वाटीत ठेवली. "आजचा दिवस पुरा करतो. तेवढी पद्धत आहे."

"काय कळलं? अहो मामा, नाही. मी म्हणतोय, तुम्ही राहायचंय. तुमच्यावर विश्वास आहे."

"हो, म्हणालात तुम्ही."

"खरंच आहे."

"आता खरंच पण म्हणाला," नाना पुटपुटले. "कशाला ताणतोस? जाऊ दे त्यांना इज्जतीत."

स्टेपनीने पुढचा अर्धा तास समजावण्यात घालवला, आणि त्याचं प्रत्येक वाक्य त्याने आजवर वाचलेल्या कुठल्या ना कुठल्या निवेदनासारखं निघत गेलं. बदलाचा कुठलाही विचार नाही. बाहेरच्या चर्चांवर लक्ष देऊ नका. आपण सगळे एकत्र आहोत. हे शेवटचं ऐकल्यावर मामांनी खिळ्यावरची टोपी काढली.

जाताना त्यांनी नानांशी हस्तांदोलन केलं. "नाना, तुमच्याबरोबर काम करायला मिळालं, आनंद झाला. घराला पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा." दारातून वळून त्यांनी गॅलरीच्या दिशेने एकदा हात हलवला. गॅलरीत टॉवेल वाळत होते.

ताईला फोन स्टेपनीनेच केला. मामा गेले, एवढंच सांगितलं. फोनमध्ये मागे कोणीतरी फाइल शोधत होतं.

"तू नेमकं काय म्हणालास त्यांना?"

त्याने सांगितलं.

ताईला फुटबॉलचं वेड नव्हतं, पण ती याच घरात वाढली होती. "असं कोणी बोलतं का रे?" ती म्हणाली. मग म्हणाली, "रविवारी गाडी घेऊन येते. नानांचे कपडे काढून ठेव. लोकरीचे पण."

रविवारपर्यंत स्टेपनीने रजा टाकली. नानांना अंघोळ घालणं, उठवणं, बसवणं, पुन्हा उठवणं. कामं मोठी नव्हती, पण एक संपायच्या आत दुसरं उभं राही. मामा दिवसभर काय करत होते ते त्याला आता कळलं. पाठ दुखू लागली. गाद्या विकणाऱ्याने पाठ धरून चालावं, हे दुकानाच्या दृष्टीने बरं नव्हतं.

मधे तासभर शेजारच्या काकूंना बसवून तो दुकानात जाऊन आला. तिथे काका आणि शेठ नेहमीच्या जागी पडलेले होते, पण चेहरे पडायचे तेवढे पडून झाले होते.

"तू 'पूर्ण' म्हणालास?" काकांनी विचारलं.

"हो."

"'पूर्ण' कशाला म्हणायचं? नुसता विश्वास म्हणाला असतास, महिनाभर तरी गेला असता."

"तुम्हीच म्हणालात, गुळमुळीत नको."

शेठनी बातमी सांगितली. क्लबचा मॅनेजर गेला होता. नवीन कोणी यायला तयार नव्हतं, म्हणून मंडळाने जावईबापूंनाच हंगामी मॅनेजर केलं होतं.

"घ्या," शेठ म्हणाले, "आता तरी चांगला खेळेल ना. स्वतःवर कसा रुसेल?"

"पहिल्याच दिवशी त्याने स्वतःला विश्रांती दिलीय," काका म्हणाले. "उद्याच्या मॅचला तो नाही."

कोणीच हसलं नाही. हसण्यासारखं होतं, पण उठून बसावं लागलं असतं.

परतताना स्टेपनी मामांकडे गेला. मामा एका खोलीत राहायचे. खोली एवढी नीटनेटकी, की आत पाय ठेवल्यावर आपलाच पाय जास्तीचा वाटावा. मामा कामाचा पांढरा शर्ट इस्त्री करत होते. त्यांना काही राग आलेला नव्हता, हे जास्त त्रासदायक होतं.

"आमच्या धंद्यात नुसतं उद्यापासून येऊ नका म्हणतात, दादा," मामा म्हणाले. "तुम्ही निवेदन काढलंत. मला आवडलं."

"मामा, चुकून निघालं ते तोंडातून. तुम्ही परत या. मी पाया पडतो."

मामांनी इस्त्री उभी ठेवली. "मंडळाने परत बोलावलं म्हणून गेलेले मॅनेजर बघितलेत मी. पहिल्यापेक्षा लवकर जातात. माझं एक ऐका. मंडळाचा फोन नको. ड्रेसिंग रूममधून फोन आला तर बघू."

म्हणजे फोन नानांनी करायला हवा होता. आजवरच्या इतिहासात कुठल्या कर्णधाराने काढलेल्या मॅनेजरला फोन केल्याचं स्टेपनीला आठवेना.

शनिवारी दुपारी त्याने नानांचे कपडे बॅगेत भरले. लोकरीचे पण. नाना पलंगावरून बघत होते.

"क्लबचा मफलर ठेव वरती," नाना म्हणाले.

"तिथे मॅच लावत नाहीत, नाना."

"म्हणून तर ठेव म्हणतोय."

स्टेपनी बॅगेशेजारी फरशीवर बसला. भांडायला त्याच्यात त्राण नव्हतं, त्यामुळे त्याने सरळ विचारलं. "नाना, तुम्हाला जायचंय का?"

"नाही."

"मग एक फोन करा मामांना. एवढंच. ते चांगले होते. तुम्हालाही माहितीये."

"माहितीये."

"मग का घालवता प्रत्येकाला? काय केलं होतं त्यांनी? त्या श्वासवाल्याने तरी काय केलं होतं?"

नानांनी आपल्या पायांकडे पाहिलं. पांघरुणाखाली ते दोन पाय दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे पडले होते.

"नवा माणूस आला ना, की आठ-दहा दिवस पाय चालतात," नाना म्हणाले. "खरंच चालतात. आतून वाटतं, या वेळेला जमणार. खिडकीपर्यंत जातो, वाटतं, आता जिना. जिना झाला की स्टेडियम. आणि मग एक दिवस सकाळी उठतो, तर पाय परत जसेच्या तसे. आता पायांना काय बोलणार? त्यांना काढता येतंय का? मग वाटतं, माणूसच चुकीचा मिळालाय. दुसरा येईल, तेव्हा बघू."

स्टेपनीला काहीतरी बोलायला हवं होतं. त्याच्याकडे असलेली सगळी वाक्यं निवेदनांमधली होती, म्हणून तो गप्प बसला.

"डॉक्टर काय म्हणाले होते?" नानांनीच विचारलं. "तुला सांगितलं असेल ना."

"म्हणाले होते, घरातल्या घरात. जेवढं होईल तेवढं."

"जिना नाही."

"जिना नाही म्हणाले."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तेव्हा छान चालत होतात. नवीन माणूस आला होता."

नानांनी मान हलवली. त्यांनी हात पुढे केला, तेव्हा त्यांना काय हवंय ते कळायला स्टेपनीला जरा वेळ लागला. मग त्याने नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

"मामा, मी नाना बोलतोय," नाना म्हणाले. "तुमचं काही चुकलं नव्हतं. हां. नाही, नाही, पोरगं बाहेर गेलंय, त्याने नाही सांगितलं मला फोन करायला." पोरगं समोरच बसलं होतं. "खिडकी नाही जमणार आता. तुम्हाला ते आधीच दिसलं होतं ना? म्हणूनच बोलत नव्हतात. मी ओळखलं होतं. बरं. जिथपर्यंत जाईन तिथपर्यंत. बरं."

फोन ठेवून ते म्हणाले, "विचार करून कळवतो म्हणाले. बरोबर आहे. माणसाने लगेच हो म्हणू नये."

मामांनी कळवलं वगैरे काही नाही. रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले आणि त्यांच्या मागोमाग जिना चढत ताई आली. खाली तिची गाडी दार उघडं टाकून उभी होती. ताईने मामांकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, मग भावाकडे.

"हे काय चाललंय?"

"पाच मिनिटं थांब," स्टेपनी म्हणाला.

"किती वेळा थांबायचं मी?"

"पाचच मिनिटं, ताई."

मामांनी टोपी खिळ्याला लावली नाही. ती त्यांनी तूर्त खिशातच ठेवली. वॉकर पलंगाशी आणला आणि नुसते बाजूला उभे राहिले. नाना उठले. एक पाऊल, दुसरं पाऊल. मामांनी खिडकीकडे पाहिलं नाही, नानांकडेही पाहिलं नाही. ते भिंतीवरचं घड्याळ बघत राहिले, आणि ते घड्याळ बंद होतं. खोलीच्या मध्यावर, जरा अलीकडेच, नाना थांबले.

ताई दारातून एक पाऊल आत आली. स्टेपनीला ठाऊक होतं, तीही त्याच वाक्याची वाट बघतेय. हा माणूस मला घाई करतो. हा माणूस बघतो. या फरशीवर कोणीतरी पाणी सांडलंय.

"बास," नाना म्हणाले. "एवढेच आहेत आज. पायच तेवढे आहेत."

मामांनी जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची उचलली आणि नाना उभे होते तिथेच, खोलीच्या मधोमध, त्यांच्या मागे ठेवली. नाना टेकले. त्यांना धाप लागली होती. समोर ना टीव्ही, ना खिडकी, नुसती भिंत आणि बंद घड्याळ. तरी ते बराच वेळ तिकडे बघत बसले. आपण कुठे पोचलोय ते बघत असावेत.

"तुम्हीच फोन केलात मामांना?" ताईने विचारलं.

"मग कोण करणार? हा केला असता तर परत विश्वास दाखवला असता."

ताईच्या तोंडाचा कोपरा जरासा हलला. ती पलंगाच्या कडेवर बसली. एवढ्या लांबून गाडी चालवत आलेली, आता बसल्यावर ती एकदम खूप थकलेली दिसू लागली. पर्स मांडीवर तशीच.

"बेडचं सांगते त्यांना," ती थोड्या वेळाने म्हणाली. "दुसऱ्या कोणाला तरी हवा असेलच. पण मला दर दोन दिवसांनी फोन नकोत, नाना. मला जमत नाही ते."

"नाही करणार."

"आणि केलाच तर नुसतं कशी आहेस विचारा."

"कशी आहेस?"

"दमलेय."

"हां," नाना म्हणाले.

खालून कोणीतरी ओरडलं, की उघड्या दाराची गाडी कोणाची. स्टेपनी जाऊन ती लावून आला. परत आला तेव्हा मामांनी नानांना पलंगावर आणून टेकवलं होतं, आणि ताई पाणी प्यायला उठली होती. मधल्या खुर्चीला तिचा गुडघा लागला. ती कळवळली.

"बाजूला करतो," म्हणत स्टेपनीने खुर्ची उचलायला हात घातला.

"राहू दे तिथेच, दादा," मामा म्हणाले. "उद्या तिथेच लागेल."

"किंवा जरा अलीकडे," नाना म्हणाले.

मामांनी थोडा विचार केला आणि खुर्ची वीतभर पलंगाकडे सरकवली. ती आता स्वयंपाकघराच्या वाटेत बरोबर आडवी आली. ताईने गुडघा चोळला, खुर्चीला वळसा घातला आणि चहा कोणाकोणाला हवाय ते विचारत आत गेली.